दान्तेच्या मागावर राव्हेन्नातली वॉकिंग टूर, 4 स्टार

फ्लोरेन्स बघून झालं की बहुतेक लोक सुटतात, पण इटालियन महाकवी दान्ते आहे राव्हेन्ना शहरात. 1302 मध्ये त्याला फ्लोरेन्समधून हद्दपार केलं ते कायमचं, 1321 मध्ये इथेच वारला. नंतर फ्लोरेन्सला पश्चात्ताप झाला न् अस्थी परत मागायला लागले, पण इथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी त्या गुपचूप लपवल्या त्या थेट 1865 ला भिंतीत एका पेटीत सापडल्या 😄 गाइडने हा किस्सा इतका रंगवून सांगितला की पैसे तिथेच वसूल. फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये त्याचं थडगंय मोठं, पण रिकामं!

इथली समाधी मात्र छोटुकली, आत एक दिवा जळतो, त्याचं तेल दरवर्षी फ्लोरेन्सवाले पाठवतात, म्हणजे प्रायश्चित्तच म्हणा ना. बाजूच्या सान फ्रांचेस्को चर्चच्या तळघरात पाणी साठलंय न् त्यात मासे फिरतात, ते चुकवू नका.

एक स्टार कापला कारण दान्तेच्या ‘दिव्हिना कोमेदिया’ या महाकाव्यावर गाइड जेमतेम पाच मिनिटं बोलला, लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत का लिहिलं हे मलाच विचारावं लागलं. आणि दुपारी ऊन फार, सकाळचा स्लॉट घ्या.