धुवायचा की बदलायचा? बाइकचा एअर फिल्टर निवडताना

इंजिनात जाणारी हवा गाळायला धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर घ्यावा की दर वेळी नवा कागदी टाकावा, या वादात आधी पिकअपचा मुद्दा निघतो आणि मग पैशांचा. माझ्या मते दोन्ही दुय्यम. खरा प्रश्न एवढाच की फिल्टर वेळेवर धुऊन, पूर्ण वाळवून, बेताचं तेल लावून परत बसवणार कोण? हे तुम्ही स्वतः हौसेने करणार असाल तर निवडीला अर्थ आहे. ‘सर्व्हिसिंगला दिली की बघतील’ असं असेल तर सरळ कागदी घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

1 लिटर पेट्रोल जाळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, म्हणजे सुमारे 9,000 लिटर. त्या हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्स मापावर त्यांची कठीणता 7, म्हणजे साध्या लोखंडापेक्षा बरीच जास्त. फिल्टर चुकवून आत गेलेले कण ऑइलमध्ये मिसळतात आणि पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर घासत राहतात. पुढे ऑइल कमी होऊ लागतं, निळसर धूर दिसतो, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पडतं. ही झीज नंतर कितीही चांगला फिल्टर टाकला तरी भरून येत नाही. म्हणून फिल्टर ‘किती हवा सोडतो’ याआधी ‘किती धूळ अडवतो’ हे बघायचं.

इथे कागदी फिल्टरची बाजू भक्कम आहे. रेझिन मुरवलेल्या, घड्या घातलेल्या कागदावर बारीक धूळ अडकते आणि अडकलेल्या थरामुळे गाळणी आणखी बारीक होते. त्यामुळे तो उठसूट काढून झटकण्यात फायदा नाही. उलट दर वेळी उघडताना एअरबॉक्समधली (फिल्टर बसतो त्या डब्यातली) धूळ आतल्या बाजूला सांडायचीच भीती जास्त. चोंदत आला की हवा कमी पडते, मग बदलायचा, बस.

फक्त एक भानगड आहे. कागदीत कोरडा आणि तेलकट असे दोन प्रकार येतात. तेलकट प्रकारात चिकट तेल कारखान्यातच मुरवलेलं असतं आणि त्याला कम्प्रेसरची हवा मारायची नसते. तरी ‘हवा मारून साफ करून दिलाय’ हे वाक्य बिल देताना हमखास ऐकू येतं. कोरड्या कागदालाही जवळून जोरात हवा मारली तर तो बारीक फाटू शकतो. साफ करायचाच असेल तर कमी दाबाने, आतून बाहेर, आणि नंतर मागे टॉर्च धरून भोक पडलं नाही ना ते बघायचं. आपल्या मॅन्युअलमध्ये ‘साफ करा’ लिहिलंय की ‘बदला’, यावरून प्रकार लगेच कळतो.

धुण्याजोग्यांतही फोम आणि कॉटन अशा दोन जाती, आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

फोम मातीतल्या बाइक्सचा. धूळ नुसती पृष्ठभागावर न बसता जाडीभर साठते, त्यामुळे धुरळ्यातही तो चटकन चोंदत नाही. पण धूळ धरून ठेवतं ते तेल. कोरडा फोम बसवला तर बारीक धूळ सरळ पार होते. धुवायला पेट्रोल नको. आगीचा धोका तर आहेच, शिवाय सांध्याचा गोंद सुटतो. फोमसाठीचा क्लीनर वापरा, मग कोमट साबणाचं पाणी. पिळायचा नाही, मुठीत दाबायचा. पूर्ण वाळल्यावर तेल ओतून रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत दाबत राहायचं आणि जास्तीचं दाबून काढायचं. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ थर. बोटाने दाबल्यावर भुगा निघायला लागला की तो फोम संपला. पुन्हा वापरता येतो म्हणजे जन्मभर पुरतो असं नाही.

कॉटनचा बोलबाला झाला तो 1969 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या के अँड एन कंपनीमुळे. जाळीत धरलेले कापडाचे थर आणि त्यावर तेल. धुताना पाणी आतून बाहेर, हलक्या धारेने. नंतर आपोआप वाळू द्यायचा; कम्प्रेसर नाही, हेअर ड्रायर नाही. तेल घडीघडीवर थोडं थोडं, मुरेपर्यंत थांबायचं आणि फिके राहिलेले डाग भरायचे. जास्त तेलाने हवा मोजणारा सेन्सर खराब होतो, ही भीती मुख्यतः चारचाकींच्या जगातून आली आहे. बहुतेक बाइक्सवर तो सेन्सर नसतोच, प्रेशर आणि थ्रॉटलच्या सेन्सरवर काम चालतं. तरी निथळणारं तेल थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात) जाऊन चिकटा करतं, तेव्हा हात आखडताच ठेवावा.

आता पिकअप. बाकी सगळं कंपनीचंच असलेल्या बाइकवर नुसता फिल्टर बदलून जाणवण्याइतका फरक पडेल अशी आशा धरू नका. बऱ्याचदा तुलना चोंदलेल्या जुन्याशी होते आणि श्रेय नव्या ब्रँडला मिळतं. कार्ब्युरेटरच्या बाइकवर हवा खूपच वाढली तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि मेन जेट (पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) बदलावा लागतो. मायलेजचंही तसंच. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने 2009 मध्ये चारचाकींवर तपासलं, तर फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरने मायलेज जवळपास बदललं नाही, वेग घ्यायची ताकद मात्र कमी झाली.

ब्रँड निवडताना आयएसओ 5011 या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा आकडा मिळाला तर बघा, पण चाचणीची धूळ बारीक होती की जाड तेही बघा. एकाचा जाड धुळीचा आकडा दुसऱ्याच्या बारीक धुळीच्या आकड्याशी ताडून काहीच कळत नाही. त्याहून महत्त्वाची कडेची रबर. स्वस्त नकलेत कागद बरा असतो आणि रबर नीट बसत नाही, मग धूळ फिल्टरला वळसा घालून जाते. बसवल्यावर काही आठवड्यांनी उघडून एअरबॉक्सच्या स्वच्छ बाजूला पांढरं फडकं फिरवा. मातकट डाग आला तर फिल्टर कोणताही असो, तो काम करत नाहीये.

रोज डांबरी रस्त्यावरून कामाला जाण्यासाठी मी कागदीच सुचवेन. कच्च्या रस्त्यांवर, वारंवार साफ करावा लागतो तिथे फोम, कारण दर वेळी नवा कागदी टाकणं परवडणारं नाही. बाइक खूप चालते, वर्षानुवर्षं ठेवायची आहे किंवा लांबच्या प्रवासात त्या मॉडेलचा कागदी मिळेलच असं नाही, तिथे कॉटन जमेल. फोम किंवा कॉटन घेणार असाल तर एकदम दोन घ्या. एक वाळत असताना ‘जवळच तर जायचंय’ म्हणून ओलाच बसवायचा किंवा फिल्टरशिवाय गाडी काढायचा मोह होतो, तो दुसरा तयार असला की होत नाही.