पणजीत घेतलेला सेकंडहँड मायक्रोस्कोप, वर्षभर वापरून सांगते

मी मेडिकल मायक्रोबायोलॉजी शिकतेय, घर वाळपईला. लॅबमध्ये एका मायक्रोस्कोपवर आम्ही पाच-सहा जणी, फोकस जमतोय तोवर मागून "झालं काय गं" सुरू, म्हणून घरी स्वतःचा हवाच असं ठरवलं.

आधी ऑनलाइन नवाकोरा मागवला आणि फसले. खोक्यावर मोठ्या अक्षरात 2000 पट लिहिलेलं. आता 100चा ऑइल इमर्शन लेन्स (स्लाईडवरच्या तेलाच्या थेंबात टेकवून वापरतात तो) आणि 10चा आयपीस (डोळा लावतो ती वरची नळी) म्हणजे 1000 पट, आणि साध्या उजेडात साधारण 0.2 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळचे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत, मग त्यापुढे वाढवून काय मिळणार, अंधुक होतं तेच मोठं अंधुक. परत पाठवला, पैसे यायला दीड महिना गेला.

मग पणजीत लॅबचं सामान विकणाऱ्या एका जुन्या दुकानात गेले. सेकंडहँड बायनॉक्युलर, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायचा मायक्रोस्कोप, 11,500 रुपये. दुकानदार काकांनी मी सांगायच्या आधीच 100चा लेन्स काढला, आयपीस उलटा धरून त्याचं भिंग केलं आणि म्हणाले, "बाय, पुढची काच बघ, ओरखडा असला तर घेऊ नको." हे मला कुणीच शिकवलं नव्हतं, तुम्हीपण घेताना हेच करा. तयार स्लाईडचा 25चा डबा वेगळा घेतला. घरी फक्त तयार स्लाईडच बघायच्या, कल्चर-बिल्चर, म्हणजे वाढवलेले जिवंत जंतू, घरात आणायचं नाही, हे अगदी कळकळीने सांगते.

पहिली लावली मलेरियाची. तेलाचा एक थेंब, लेन्स हळू खाली, आणि लाल पेशींच्या गर्दीत फाल्सिपॅरमचा (मलेरियाच्या परजीवीची एक जात) केळ्यासारखा वाकडा गॅमेटोसाइट, म्हणजे त्याचं नर-मादी रूप! पुस्तकात तेच चित्र शंभरदा पाहिलेलं पण स्वतः शोधून सापडला तेव्हा ओरडलेच. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीच्या स्लाईडवर पेशी फुगलेली दिसते, तो फरक आता परीक्षेत विसरणं शक्य नाही. ग्रॅम स्टेनचं, म्हणजे जीवाणू रंगवून ओळखायच्या पद्धतीचं, जांभळं-गुलाबीपण तसंच, 1884पासूनची पद्धत आणि अजून रोज लागते. टीबीची स्लाईड मात्र फिकी निघाली, निळ्यावर लाल काड्या शोधायला पंधरा मिनिटं गेली, काकांनी ती बदलून दिली.

आईने एक दिवस विचारलं, माकडताप दाखव की यात. आमच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात बागायतीत जाताना गोचिडीची धास्ती असतेच, तिने आजारी पडलेली माणसं जवळून पाहिलीत. तिला सांगावं लागलं की तो विषाणू आहे, 1957 साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, तो 0.2 मायक्रॉनच्याही कितीतरी खाली, माझ्या यंत्रात कधीच दिसणार नाही, रक्त तपासायला पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) वगैरे लागतं. तिचा चेहरा पडला. लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस) पण तसंच, शेतातल्या पाण्यातून पावसाळ्यात होतो तो, जंतू इतका बारीक की ग्रॅममध्ये नीट दिसत नाही, डार्क फील्ड, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर जंतू चमकताना दाखवणारा मायक्रोस्कोप, लागतो. म्हणजे ज्या दोन आजारांची इथे भीती, ते दोन्ही यात नाहीत, हे समजून घ्या.

गोव्यात खरा त्रास पावसाळ्याचा. जुलैत आयपीसमध्ये कोळ्याच्या जाळीसारखं काहीतरी दिसायला लागलं, मला वाटलं स्लाईडच खराब, तर लेन्सवरच बुरशी! दुकानात नेला, काकांनी चार दिवस ठेवून 600 रुपयांत साफ करून दिला आणि वापरून झाल्यावर तेल लेन्स पेपरनेच पुसायचं, ओढणीने नाही, हे दोनदा बजावलं. आता प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलची पाकिटं टाकून ठेवते, गुलाबी पडली की तव्यावर हलकी गरम करून परत निळी करते. यंदा श्रावण गेला, जाळी नाही.