व्यापारी असोसिएशनची मेंबरशिप, ११ महिन्यांनंतरचा अनुभव

काल ऑफिसचा मुलगा रिन्युअलचं पावतीपुस्तक घेऊन दुकानात आला, १,२०० रुपये, म्हणून लिहायला बसलो. तालुक्याच्या गावात माझं किराणा दुकान आहे, गेल्या दसऱ्याला मेंबर झालो आणि लगेच दोन कमिट्यांमध्ये नाव दिलं, लकी ड्रॉ आणि मार्गदर्शन.

आधी खटकणारी गोष्ट. मीटिंग संध्याकाळी ७ ला. अहो किराणावाल्याचा ७ ते ९ हाच तर धंदा, लोक कामावरून सुटून उद्याच्या डब्याचं सामान नेतात, त्या वेळी मी हॉलवर आणि बायको एकटी गल्ल्यावर. ज्यांच्याकडे चार नोकर आहेत किंवा मुलगा हाताखाली आलाय तेच ७ ला बसू शकतात, मग ठरतं पण त्यांच्याच सोयीचं. लकी ड्रॉचंच बघा, ५०० च्या खरेदीला एक कुपन आणि ते कुपन दुकानदाराने १० रुपयाला विकत घ्यायचं. कापडवाल्याला परवडतं. साखर-तेलात ५०० मागे सुटतात १५-२० रुपये, त्यातले १० कुपनात गेले तर उरलं काय? हे सांगायला मीटिंगला किराणावाले आम्ही दोघंच. दिवाळीनंतर पक्कं ठरवलं होतं की पुढच्या वर्षी पैसे भरायचे नाहीत.

मग जानेवारीत काट्यांचं शिबिर झालं आणि मत बदललं.

इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी सरकारी तपासणीत पास करून घ्यावा लागतो, लोखंडी वजनं दोन वर्षांनी. एरवी रिपेअरवाला एकच आकडा सांगतो, त्यात सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती काही पत्ता लागत नाही. आमच्या मार्गदर्शन कमिटीने वजनमापेच्या इन्स्पेक्टर साहेबांना हॉलवरच बोलावलं आणि दारात फळा लावला, काट्याच्या क्षमतेप्रमाणे सरकारी फी एका बाजूला, रिपेअरवाल्याचे दर दुसऱ्या बाजूला. फळा मीच लिहिला होता. सकाळी काटा ठेवला, दुपारपर्यंत सील आणि सर्टिफिकेट हातात, मागच्या वर्षीपेक्षा ४५० रुपये कमी गेले. मेंबर नसलेल्या हातगाडीवाल्यांनाही येऊ दिलं, हे मला फार आवडलं. भाजीवाल्या एक मावशी फळ्यासमोर उभ्या राहिल्या, नातवाकडून आकडे दोनदा वाचून घेतले आणि मगच पैसे दिले.

अजून एक कामाची गोष्ट ह्याच कमिटीच्या कार्यक्रमात कळली. २०२१ पासून आपल्या दुकानदारांनाही उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते पण फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता, छोट्या उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ४५ दिवसांत पेमेंट करायचं हा नियम व्यापाऱ्याला लागू नाही. आणि नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, मी सायबरवाल्याला ८०० दिले होते, तुम्ही देऊ नका.

पण मीटिंगच्या वेळेचा प्रश्न काही सुटत नाही. मे महिन्यात मागे लागून लागून एक मीटिंग दुपारी ३ ला लावून घेतली, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. १९ जण आले, त्यात ८ किराणावाले! ७ च्या मीटिंगला सहा-सात डोकी असतात. तरी पुढची परत ७ ला, कारण काय तर हॉल दुपारी क्लासला भाड्याने दिलाय. सगळ्यांच्या वर्गणीतून बांधलेला हॉल आहे तो, भाडं महत्त्वाचं की मेंबर?

१,२०० भरले, काट्याच्या शिबिरासाठी भरले. पावतीसोबत अर्ज दिलाय, १४ किराणावाल्यांच्या सह्या, महिन्यातून एक दिवस क्लास बंद ठेवून मीटिंग ३ ला घ्या म्हणून. तुमच्या गावात मीटिंग किती वाजता असते ते लिहा, कुठे दुपारची चालत असेल तर पुढच्या अर्जात तो दाखला देतो.