एक पोर्ट हवे होते, त्याने सगळीच उघडली

मित्रांसोबत खेळण्यासाठी मी घरच्या संगणकावर मायनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर सुरू केला, पण बाहेरून कोणालाच त्याला जोडता येईना. खेळाडूंच्या गटात ही अडचण मांडताच एका अनोळखी गृहस्थाने ‘दहा मिनिटांचे काम आहे’ असे सांगितले. मी पैसे आगाऊ दिले आणि संगणकाचा दूरस्थ ताबाही दिला.

त्याचा कर्सर इतक्या झपाट्याने फिरत होता की काही विचारायला सवड मिळाली नाही. खरे सांगायचे तर अडाणी दिसू नये म्हणूनच मी गप्प बसलो. ‘गेमला आडवी येते’ असे म्हणून त्याने विंडोजची फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी संरक्षक भिंत, पूर्ण बंद केली आणि राउटरच्या डीएमझेड या रकान्यात माझ्या संगणकाचा आयपी पत्ता भरला. मित्र लगेच सर्व्हरवर आले. काम झालेले डोळ्यांसमोर दिसत असल्यामुळे संशयाला जागाच उरली नाही, आणि त्याची सारी मदार यावरच होती.

वास्तविक या सर्व्हरला मूळ मांडणीत टीसीपी २५५६५ हे एकच पोर्ट, म्हणजे जोडणी आत येण्याचा एकच क्रमांकित दरवाजा, लागते. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा (त्या पोर्टवरची रहदारी संगणकाकडे वळवण्याचा) एक आणि फायरवॉलमध्ये इनबाउंडचा (ती आत येऊ देण्याचा) एक, अशा दोन नियमांत भागते. डीएमझेडमुळे मात्र बाहेरून येणारी, अन्यत्र न वळवलेली सगळी रहदारी थेट माझ्या संगणकावर येऊ लागली, आणि त्याच धांदलीत त्याने रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दूरवरून संगणक चालवण्याची विंडोजची सोय, पोर्ट ३३८९ वर चालू करून ठेवली होती.

काही दिवसांनी सर्व्हर अडखळू लागला म्हणून मी विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. सुरक्षा नोंदींत ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींची रांग होती आणि त्या रांगेत मध्येच एक ४६२४: लॉगिन यशस्वी, प्रकार १० (म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून), खाते ‘सपोर्ट’. असे खाते मी कधी तयारच केले नव्हते, आणि ते संगणकावर पूर्ण अधिकार असलेल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर गटात होते. त्याच संध्याकाळी त्या गृहस्थाचा निरोप आला की तुमच्या संगणकात व्हायरस शिरलेला दिसतो, साफसफाईचे वेगळे पैसे पडतील. मी न सांगताच त्याला हे कसे कळले, हे विचारताच त्याने मला ब्लॉक केले.

मी नेटवर्कची केबल काढली, विंडोज नव्याने बसवले, राउटर मूळ स्थितीत आणला आणि सारे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलले. नंतर त्या नोंदीचे छायाचित्र गटात टाकले, तेव्हा त्याच्याकडूनच काम करून घेतलेल्या आणखी एकाने आपल्या संगणकावरील खात्यांची यादी उघडली. तिथेही ‘सपोर्ट’ होते.