पगाराचं खातं वेगळं, खर्चाचं वेगळं : एकटीच्या घरखर्चावर काही महिने वापरून पाहिलेली पद्धत

गेल्या एप्रिलपासून घरखर्चासाठी मी एक पद्धत वापरते आहे. तिला नाव नाही. दोन बँक खाती, एक बाजूला काढलेला वर्षाचा फंड आणि शंभर पानी वही, एवढाच पसारा. ऑफिसमधल्या दोघीतिघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझी परिस्थिती. पुण्यात सिंहगड रोडला वन बीएचके, स्वतःचा, म्हणजे बँकेचा. एकटी राहते. हातात ४८ हजार येतात. त्यातले २२ हजार गृहकर्जाच्या हप्त्याला आणि २,४०० सोसायटीला जातात. ३,००० गावी आईला पाठवते. उरलेल्या वीस हजारांत महिना, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात ते वीस हजार कधीच पूर्ण आपले नसतात.

एकट्या माणसाचा खर्च दोघांच्या निम्मा असतो, असं लोक धरून चालतात. भाजी निम्मी लागते, हे खरं. पण हप्ता, मेंटेनन्स, इंटरनेट, विजेचा स्थिर आकार, घरपट्टी यांतलं काहीच निम्मं होत नाही. सहकारी गृहरचना संस्थेत सेवा शुल्क सगळ्या सदनिकांना समान असतं, त्यामुळे शेजारच्या टू बीएचकेतल्या पाच जणांइतकंच मी लिफ्ट आणि वॉचमनसाठी भरते. (अपार्टमेंट असेल तर हिशोब हिश्श्याप्रमाणे होतो. आपली इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे एकदा कागदावर पाहून घ्या, बऱ्याच जणांना माहीत नसतं.) म्हणून ‘बाहेरचा चहा बंद करा’ छापाचे सल्ले मला फारसे उपयोगी पडले नाहीत. माझ्या महिन्याचं गणित बिघडवत होते ते वर्षातून एकदा येणारे खर्च.

आता पद्धत. पगार येतो त्या खात्याला मी ‘अ’ म्हणते. हप्ता, मेंटेनन्स आणि आईचे पैसे तिथूनच आपोआप जातात. त्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही आणि त्याचं डेबिट कार्ड कपाटात असतं. ‘ब’ खातं दुसऱ्या बँकेत आहे. यूपीआय फक्त त्यालाच. महिन्याच्या सुरुवातीला लाइट, फोन, इंटरनेट, गॅस यांचे २,८०० ‘ब’मध्ये जातात आणि दर सोमवारी स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने, म्हणजे बँकेला एकदाच देऊन ठेवलेल्या सूचनेने, ‘अ’मधून २,५०० येतात. भाजी, दूध, किराणा, पेट्रोल, रिक्षा, बाहेरचं खाणं, पार्लर, सगळं त्या अडीच हजारांत.

या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोग झाला तो ‘दर सोमवारी’चा. महिन्याचे दहा हजार एकदम दिसले की पहिल्या शनिवार-रविवारी आपण राजे असतो आणि वीस तारखेनंतर पोहे. आठवड्याची रक्कम असली की ओढाताण झालीच तर दोन-तीन दिवसांची होते. शुक्रवारी खात्यात २१० रुपये दिसले तर शनिवारी घरी पिठलं, विषय संपला. सोमवार उजाडतोच.

एक अडचण लगेच सांगते. काही महिन्यांत पाच सोमवार येतात. माझ्या आकड्यांत, वर्षाचा फंड आणि संकटकाळाची रक्कम (दोन्हींबद्दल पुढे) बाजूला काढल्यावर, चार सोमवारांच्या महिन्यात हजार रुपये उरतात आणि पाच सोमवारांच्या महिन्यात दीड हजार कमी पडतात. वर्षाचा हिशोब जुळतो, पण उरलेले हजार ‘अ’मध्येच पडून राहायला हवेत. तिथे हात गेला की पाच सोमवारांचा महिना रडवतो.

‘ब’ खातं उघडताना किमान शिलकीची अट बघा. २०२५ च्या मध्यात काही सरकारी बँकांनी साध्या बचत खात्यावरची ही अट काढून टाकली, त्यामुळे आता पर्याय बरे आहेत. बेसिक बचत खातं (किमान शिलकीची अटच नसलेलं) घेणार असाल तर त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असून चालत नाही, हा नियम आहे. तसंही बँक वेगळीच असलेली बरी. एकाच ॲपमध्ये दोन्ही खाती दिसली की ‘अ’मधून ‘ब’मध्ये पैसे सरकवायला दोन सेकंद लागतात.

यूपीआय लाइट मी पाकिटासारखं वापरते. एका व्यवहाराला १,००० रुपये आणि एकूण शिल्लक ५,००० ही मर्यादा, पिन लागत नाही. भाजीवाली, दूध, रिक्षा यांना सोयीचं. पण त्यात ऑटो टॉप-अपची सोय आहे, ती बंद ठेवा. शिल्लक कमी झाली की ते आपणहून भरून घेतं आणि मग पाकीट ठेवण्याला काही अर्थ उरत नाही. दुसरं, पासबुकात फक्त ‘लाइटमध्ये हजार भरले’ एवढी एकच ओळ दिसते, आतले वीस-तीस व्यवहार दिसत नाहीत. मला ते चालतं. दहा रुपयांच्या कोथिंबिरीचा हिशोब ठेवायची हौस मला नाही. ज्यांना आहे त्यांनी लाइट वापरू नये. फोन बदलण्याआधी त्यातली शिल्लक खात्यात परत घ्यायची, हेही लक्षात असू द्या.

एसएमएस वाचून आपोआप वर्गवारी करणारी ॲप्स मी वापरून सोडली. ‘अ’मधून ‘ब’मध्ये गेलेले पैसे ती खर्च म्हणून धरतात आणि अर्धे व्यवहार ‘इतर’मध्ये टाकतात. वर पर्सनल लोनच्या जाहिराती. वहीत मी रविवारी रात्री चार ओळी लिहिते : किराणा-भाजी, प्रवास, बाहेरचं, बाकी. दहा मिनिटं लागतात.

आता वर्षाचा फंड. या प्रयोगातला हा भाग मला सर्वांत जास्त पटला. बसून यादी केली : घरपट्टी, आरोग्य विमा, टर्म विमा, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग, सोसायटीची जादा वर्गणी, दिवाळी-भाऊबीज आणि गौरी-गणपतीला भावाकडे द्यायचे पैसे. बेरीज ४५ हजारांच्या आसपास गेली. म्हणजे महिन्याला ३,७५०. यातला एकही खर्च अचानक आलेला नसतो. घरपट्टी दर वर्षी येते आणि दर वर्षी आपण दचकतो.

हे पैसे कुठे ठेवायचे? पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, त्यामुळे या कामाला ती नाही. बँकेची एक वर्षाची आरडी चालेल असं वाटतं, पण ती एकदम मार्चमध्ये सुटते आणि खर्च मे, ऑगस्ट, ऑक्टोबर असे विखुरलेले असतात. माझे पैसे ऑटो स्वीप असलेल्या (ठरावीक रकमेवरची शिल्लक आपोआप मुदत ठेवीत टाकणाऱ्या) तिसऱ्या खात्यात आहेत. व्याज काही डोळ्यांत भरण्यासारखं नाही, पण हवे तेव्हा काढता येतात. अर्थात पहिल्या वर्षी फंड रिकामा असतो आणि एप्रिल-मे मध्येच मोठे खर्च येतात. मी बोनसमधले दहा हजार सुरुवातीला टाकले. तसं काही नसेल तर दिवाळीनंतर सुरू करा, मे पर्यंत थोडं साचतं.

घरपट्टीबद्दल पुणेकरांसाठी दोन गोष्टी. ३१ मेच्या आत पूर्ण वर्षाचा कर भरला की सर्वसाधारण करात सवलत मिळते. आणि स्वतः राहत असलेल्या घराला असलेली ४० टक्क्यांची सवलत तुमच्या बिलात लागली आहे का ते तपासा. मधली काही वर्षं ती थांबली होती, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. नव्याने आकारणी झालेल्या फ्लॅटना ती मिळवण्यासाठी पीटी-३ अर्ज आणि घरात आपणच राहतो याचा पुरावा द्यावा लागतो. माझ्या इमारतीत कित्येकांनी अर्ज केलाच नव्हता आणि ते गुपचूप जास्त कर भरत होते. मुंबईत तर ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करच माफ आहे. पुण्यात बसून हे वाचून फक्त उसासा टाकायचा.

महिन्याच्या गणितात खरी मोकळीक मिळाली ती हप्त्यातून. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) ६.५० टक्क्यांवरून डिसेंबरपर्यंत ५.२५ टक्क्यांवर आणला. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेलं फ्लोटिंग दराचं गृहकर्ज बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक वेळा रेपोलाच, जोडलेलं असतं. त्यामुळे दर उतरतो. हप्ता मात्र सहसा उतरत नाही, बँका आपणहून मुदत कमी करतात. माझ्याकडेही तेच झालं होतं. दर ८.७० वरून ७.४५ झाला आणि मेसेज आला की मुदत घटली. मी शाखेत लेखी अर्ज दिला की मुदत मूळचीच ठेवा आणि हप्ता कमी करा. शिल्लक कर्ज तेवीस-साडेतेवीस लाख असल्याने हप्ता वर सांगितलेल्या २२ हजारांवरून साधारण १,८०० रुपयांनी खाली आला.

यावर भाऊ माझ्याशी तासभर वाद घालत होता. हप्ता तोच ठेवला तर एकूण व्याज बरंच वाचतं, हे त्याचं गणित बरोबरच आहे. पण त्याच्या घरात दोन पगार येतात. माझी नोकरी तीन महिने गेली तर दुसरं कोणी हप्ता भरणार नाही. म्हणून ते १,८०० मी खर्चात येऊ देत नाही. आधी महिन्याला ३,००० संकटकाळासाठी ठेवत होते, आता ४,८०० ठेवते. सहा हप्त्यांइतकी रक्कम साठली की पुढचे पैसे कर्जात आगाऊ भरणार आहे. घरासाठी वैयक्तिक नावावर घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही, त्यामुळे ती वाट कधीही मोकळी आहे. माझ्या पगाराच्या माणसाने ‘कर्ज असलं की टॅक्स वाचतो’ हेही आता विसरावं. २०२५-२६ पासून नव्या कर प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर बसत नाही आणि राहत्या घराच्या व्याजाची वजावट तिथे मिळतही नाही.

विम्याचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. माझा आरोग्य विम्याचा हप्ता तेवढा उतरला नाही, कारण वयोगट बदलल्याने मूळ रक्कमच वाढली. तरी वाढ जाणवली नाही, हेही खूप.

विजेत मी पंखा बदलला. साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज बारा तास धरले तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. माझ्या वापरात याचे शंभर-सव्वाशे रुपये होतात आणि पंख्याची किंमत वसूल व्हायला दोन वर्षांहून जास्त लागतील. पंखा झकास आहे, रिमोटही आहे, पण बजेट सुधारायला म्हणून घेऊ नका. हॉलचा पंखा बदललाच नाही, तो चालतो किती वेळ? शंभर युनिट ओलांडली की सगळं बिल वरच्या दराने लागतं, हा समजही खरा नाही. पहिल्या शंभर युनिटना पहिला दरच लागतो, वरचा दर फक्त त्यापुढच्या युनिटना.

किराण्यात एकटीसाठी मोठं पाकीट स्वस्त पडत नाही. पाच किलो आट्यात पावसाळ्यात जाळी धरते. दोन किलो गहू गिरणीतून दळून आणते, पोळीही चांगली होते. भाजी आठवड्यातून दोनदा, पाव किलोच्या हिशोबाने. पोळीवाल्या मावशी एका माणसाला परवडत नाहीत, कोपऱ्यावरचं पोळी-भाजी केंद्र परवडतं. गॅसवर काटकसर करण्यासारखं काही नाही, सिलिंडर तीन महिन्यांहून जास्त चालतो.

‘एक खोली पीजीला दे’ हा सल्ला मला दर महिन्याला कोणीतरी देतं. वन बीएचकेत कुठली खोली देऊ?

या पद्धतीला जे जमलं नाही तेही लिहिते. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे टँकर सुरू होतात आणि सोसायटी महिन्याला चार-पाचशे जास्त मागते. ते आठवड्याच्या पैशांत बसत नाही आणि वर्षाच्या यादीतही नव्हतं. या वर्षी यादीत घातलं आहे. लग्नसराईतला आहेर कुठल्या खात्यातून द्यायचा याचंही उत्तर अजून सापडलेलं नाही. आणि कोणाचं उत्पन्न महिन्याला कमी-जास्त होत असेल, शिकवण्या किंवा फ्रीलान्स काम असेल, तर दर सोमवारची ठरावीक रक्कम त्यांना जड जाईल. त्यांनी आधी दोन महिन्यांचा खर्च ‘अ’मध्ये साठवल्याशिवाय हे सुरू करू नये.

खाती वाढवणार असाल तर प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन (नॉमिनेशन) भरा, एकटं राहणाऱ्यांनी तर नक्कीच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात आणि ठेव खात्यात कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. मी आई आणि भाची अशी दोघींची नावं दिली आहेत. त्याच सकाळी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन फ्लॅटचा नॉमिनेशन फॉर्मही दिला. सेक्रेटरी काकांनी पोच देताना सांगितलं की अर्ध्या इमारतीचे फॉर्म अजून आलेले नाहीत.