जेंडर स्टडीजमध्ये एमए, सिंधुदुर्गात राहून: माझा अनुभव

कणकवली-मालवणकडच्या मुली विचारत असतात, जेंडर स्टडीज, म्हणजे बाई-पुरुष म्हणून समाज आपल्याला कसं घडवतो याचा अभ्यास, शिकायचा तर पुण्या-मुंबईलाच जायला हवं का. नाही गं. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा विमेन्स अँड जेंडर स्टडीजचा एमए मी नोकरी सांभाळून इथूनच केला आणि मनापासून सांगते, करा. कुठल्याही शाखेचं ग्रॅज्युएशन चालतं, दोन वर्षांत होतो, नाहीच जमलं तर चार वर्षांपर्यंत मुदत आहे. इग्नूची पुस्तकं त्यांच्या ई-ज्ञानकोश वेबसाइटवर फुकट असतात, म्हणजे आधी पुस्तकाचा एखादा भाग वाचून बघा, रुचला तरच फी भरा.

मला सगळ्यात जास्त दिलं ते असाइनमेंट्सनी. ३० टक्के मार्क त्यांनाच, बाकी परीक्षेला. रेडिमेड उत्तरं विकत मिळतात ती प्लीज उतरवू नका, सगळी मजा तिथेच जाते. बिनपगारी घरकामावर लिहायला बसले आणि डोळ्यासमोर आमचीच वाडी आली, पुरुष मुंबईला चाकरमानी आणि इथे शेती, गुरं, काजू-कलमं, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं सगळं बाईच्या अंगावर आणि सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव शोधून सापडत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू कुटुंबांतल्या मुलींना हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, २००५ मध्ये देशभर झाला, तरी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेणं चालूच आहे आणि सगळे म्हणतात तिने प्रेमाने दिली. सही नाही दिली तर माहेर तुटेल, ही भीती त्या प्रेमात किती असते हे विचारायचं धाडस मला या अभ्यासाने दिलं.

थिअरी जड आहे, हे खरं. पण जेंडर ही रोज करत राहायची गोष्ट आहे हे अमेरिकन विचारवंत ज्युडिथ बटलरचं म्हणणं दशावतारी नाटकं बघत वाढलेल्या माणसाला लवकर कळतं. जत्रेत पुरुषच साडी नेसून राणी होतो, अख्खा गाव पहाटेपर्यंत बसून बघतो, आणि तोच गाव दुसऱ्या दिवशी नाजूक चालीच्या पोराला चिडवून रडवतो. याचा मला फार राग येतो.

लैंगिकतेचं वाचताना सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल मुळातून वाचा, ट्रान्सजेंडर माणसांच्या हक्कांचा २०१४ चा नालसा आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरचा ६ सप्टेंबर २०१८ चा. आणि जोडीला र. धों. कर्वे वाचाच. दापोली-मुरूडचा हा माणूस, जन्म १८८२ चा, १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत राहिला, वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये खटला भरला तेव्हा कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले बाबासाहेब, ज्यांचं मूळ गाव शेजारच्या मंडणगडातलं आंबडवे. हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे असं घरी कोणी म्हणालं तर हे सांगा.

एक गोष्ट खटकली. इथे चर्चा करायला माणूसच मिळत नाही, तालुक्याच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत विचारलं तर या विषयाचं एक पुस्तक नव्हतं, वर मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. म्हणून एकटीने घेऊ नका, दोघी-तिघी मिळून घ्या, आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी पडवीत बसा. ॲडमिशन जानेवारी आणि जुलै दोन्ही सेशनला असतात. जुलैला घेतलीत तर पीडीएफ आधीच उतरवून ठेवा, पावसात लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही.