घरी शिकणाऱ्या मुलांच्या क्षेत्रभेटी: सात महिने, २२४ रंगीत पानं

घरी शिकणाऱ्या मुलांना क्षेत्रभेटींना नेणाऱ्या संस्थेचं सभासदत्व कसं चालतं ते तुम्हाला माहीत असेलच: वर्षाचे पैसे आधी भरायचे, दर महिन्याला एक भेट, सोबत माहिती सांगणारे ताई-दादा. परवाची आठवी भेट छापखान्याची होती. आदल्या रात्री साडेनऊला निरोप आला, बारा मुलं जमली नाहीत म्हणून रद्द. पैसे परत नाहीत, खात्यात 'गुण' जमा. गुण काय चाटायचेत? आणि वर्कशीट मी दुपारीच छापून ठेवल्या होत्या!

आता या वर्कशीटचंच सांगते. प्रत्येक भेटीआधी चौदा पानांची पीडीएफ येते. ती घरून छापून आणायची, तीही रंगीतच. पहिलं अर्धं पान त्यांच्या बोधचिन्हाचं, गडद निळ्या पट्टीवर. दोन मुलं, आठ भेटी, करा हिशोब. निळी शाई दोनदा भरून झाली. नवरा म्हणतो, तू शाईतच अडकलीस. अडकलेय.

पण दुखणं नुसतं शाईचं नाही. विज्ञान संग्रहालयात फूकोचा लंबक होता. १८५१ साली पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगून फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानं पृथ्वीचं फिरणं लोकांना डोळ्यांदेखत दाखवलं, तोच प्रयोग. भोवती खुंट्या मांडलेल्या असतात, झोका हळूहळू दिशा बदलतो आणि एकेक खुंटी पडते. पहिली पडली तेव्हा आमची सगळी पलटण खाली मान घालून 'लंबकाचे भाग ओळखा' लिहीत होती. पुढे प्रश्न सातवा: झोक्याच्या दिशेची पूर्ण फेरी किती तासांत होते? उत्तरसूचीत २४. ते खरं फक्त ध्रुवांवर. ३० अंश अक्षांशावर ४८ तास लागतात आणि विषुववृत्तावर दिशा बदलतच नाही. थोरला तासभर तिथंच बसला. उत्तरसूचीप्रमाणे झोका पंधरा अंश वळायला हवा होता, त्याच्या निम्माही वळला नाही. मी ईमेल केला. उत्तर आलं, 'उत्तरसूची तज्ज्ञांनी तपासलेली आहे.'

तारांगणाची भेट सगळ्यांना आवडली. अंधारात लिहिता येत नाही ना.

इथवर लिहून आठवडा झाला. जलशुद्धीकरण केंद्राला मी पाचपैकी दीड दिला होता (वास, शंभर पायऱ्या, पंपांच्या आवाजात काही ऐकू न येणं). तो मागे घेते, साडेचार करते. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं सहा भांड्यांत गढूळ पाणी घेऊन प्रत्येकात थोडी थोडी जास्त तुरटी घातली. आधी जोरात ढवळलं, मग सावकाश, मग थांबवलं. गाळाचे बारीक कण एकमेकांना दूर लोटत असतात, तुरटीनं ते चिकटतात, गोळे होतात आणि तळाला बसतात. शेवटचं भांडं सगळ्यात नितळ होणार, अशी मुलांची पैज होती. जिंकलं चौथं. डोस जास्त झाला तरी बिघडतं, असं ते काका म्हणाले. रोज गढूळपणा बघून तो ठरवावा लागतो म्हणे. ताई 'वर्कशीट, वर्कशीट' करत होत्या, कोणी वळून पाहिलं नाही. धाकटीनं भांड्यांच्या नोंदी वर्कशीटच्याच कोऱ्या पाठीवर केल्या. तेव्हापासून आमच्या ओट्यावर रोज सहा ग्लास असतात आणि चहाला एकही मिळत नाही.

मग वाटलं, मधे ही मंडळी हवीतच कशाला? केंद्राला मीच फोन केला. 'शाळेचं पत्र आणा,' म्हणाले. घरी शिकणाऱ्या मुलांनी शाळेचं पत्र कुठून आणायचं? या लोकांच्या नोंदणीकृत लेटरहेडवर मात्र दारं उघडतात, आणि आपण पैसे मुख्यतः त्या कागदाचे देतो.

म्हणून सभासदत्व पुढेही ठेवणार आहे. पण पैसे भरणार शेवटच्या दिवशी आणि गुण वळते करून. छपाई यापुढे काळी-पांढरी, दोन्ही बाजूंनी नाही, पाठ कोरी लागते.